दुर्बीण धुवावी की टाकून द्यावी?



पोटाच्या विकारासाठी दुर्बिणीची तपासणी सांगितली, की रोगी माणूस बहुधा दोनच प्रश्न विचारतो. दुखेल का, आणि खर्च किती येईल? तिसरा प्रश्न मनात येतो, पण संकोचामुळे तो ओठांवर येत नाही. एका वृद्ध बाईंनी मात्र मला तो सरळ विचारला. "डॉक्टर, ही नळी माझ्या आधी कुणाच्या पोटात गेली होती हो?" बरोबर आलेला मुलगा ओशाळला आणि "आई, असं काय विचारतेस!" म्हणून त्यांना गप्प करू लागला. मला विचाराल, तर त्या दिवशी त्या खोलीत विचारलेला सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याला आपण तोंड लावत नाही. मग दुसऱ्याच्या आतड्यातून बाहेर आलेल्या नळीबद्दल चौकशी केली, तर त्यात ओशाळण्यासारखे काय आहे?

त्या प्रश्नाचे उत्तर असे, की होय, ती नळी आधी दुसऱ्याच्या पोटात गेलेली असते, आणि त्याच्याही आधी तिसऱ्याच्या. अशा एकेका नळीने शेकडो माणसांची पोटे पाहिलेली असतात. मधल्या वेळात ती धुऊन निर्जंतुक केली जाते. हे धुणे नीट झाले की नाही यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत असे आढळून आले आहे, की एका विशिष्ट प्रकारच्या दुर्बिणीच्या बाबतीत धुणे पुस्तकाबरहुकूम होऊनही भागत नाही. म्हणून एकदा वापरून टाकून द्यायच्या दुर्बिणी निघाल्या. त्या कोणासाठी हिताच्या आणि आपल्याला कितपत परवडणाऱ्या, याविषयी आज आपल्याशी बोलावे असे योजिले आहे.

दुर्बीण हा शब्द आपल्याकडे रूढ झाला आहे खरा, पण हे यंत्र दूरचे पाहण्याचे नसून आतले पाहण्याचे आहे. १८६८ साली कुसमाऊल नावाच्या जर्मन वैद्याने तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या घशातून ताठ नळी थेट जठरात उतरविली. इतर कोणाला ते जमणारे नव्हते, हे सांगायला नकोच! नळी वाकली पाहिजे आणि वाकल्यावरही तिच्यातून दिसले पाहिजे, अशी अडचण होती. ती काचेच्या केसाएवढ्या तंतूंनी सोडविली. १९५४ साली हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी या दोघांनी अशा तंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखविले. यांतले कपानी हे पंजाबातल्या मोगा गावचे. पुढे १९५७ साली अमेरिकेत हिर्शोविट्झ या डॉक्टराने तशी नळी जठरासाठी तयार केली आणि रोग्याच्या आधी स्वतःच गिळून पाहिली. आता तंतूंची जागा नळीच्या टोकाशी बसविलेल्या इवल्याशा कॅमेऱ्याने घेतली आहे, आणि डॉक्टर नळीला डोळा लावून न बसता समोरच्या पडद्यावर पाहतात.

नळी लवचिक झाली, पण तिच्यापायी एक नवीच पंचाईत उभी राहिली. जुन्या काळी दवाखान्यात कंपाउंडर काचेची पिचकारी आणि सुया पाण्यात उकळायचा, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. धातू आणि काच उकळता येतात. वाफेच्या दाबाखाली ठेवता येतात. या दुर्बिणीला ती सोय नाही. तिच्यात भिंग आहे, कॅमेरा आहे, वरून मऊ आवरण आहे, आणि सांधे डिंकासारख्या पदार्थाने जोडलेले आहेत. वाफेत घातली तर ती कायमची निकामी होईल, आणि तिची किंमत लाखांत. तेव्हा तिला रासायनिक द्रावणात बुडवून निर्जंतुक करणे, एवढाच मार्ग उरतो.

ते कसे करतात, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण खरी मेख इथेच आहे. तपासणी संपताक्षणी, रोगी अजून टेबलावर असतानाच, नळी बाहेरून पुसून घ्यायची आणि तिच्या आतल्या पोकळ मार्गांतून साबणाचे पाणी ओढून घ्यायचे. हे ताबडतोब का? तर दुधाचे भांडे लगेच विसळले तर एका पाण्यात स्वच्छ होते, आणि दुपारपर्यंत तसेच राहिले तर घासूनही कडा सुटत नाही, म्हणून. मग नळीत हवा भरून ती पाण्यात धरायची आणि बुडबुडे येतात का पाहायचे. सायकलचा पंक्चरवाला ट्यूब पाहतो ना, अगदी तसेच. मग एंझाइम घातलेल्या साबणाच्या पाण्यात ठेवून लांब दांड्याच्या ब्रशाने एकेक मार्ग घासायचा. मग स्वच्छ पाणी. मग ग्लुटारल्डिहाइडसारख्या जंतुनाशकात ठरलेला वेळ बुडवून ठेवायचे. दोन टक्क्यांचे द्रावण असेल तर साधारण वीस मिनिटे. दहा मिनिटांत काढून चालत नाही. त्यानंतर पुन्हा पाणी, मग अल्कोहोल, मग दाबाने हवा सोडून आतून कोरडी करणे, आणि शेवटी कपाटात उभी टांगून ठेवणे. सगळ्या बारीकसारीक कृती मोजल्या तर शंभराच्या वर भरतात.

यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे वाळवणे. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जंतूला ओलावा आणि ऊब मिळाली, तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. रात्री आठ तास नळी आतून ओली राहिली, तर सकाळी एका जंतूचे दीड कोटींहून अधिक झालेले असू शकतात, आणि सकाळी नऊ वाजता पहिला रोगी आत येतो. शिवाय हे जंतू एकटेदुकटे राहत नाहीत. पाण्याच्या माठाच्या आतून हात फिरवला, तर कधीकधी बुळबुळीत लागते पाहा. तसा एक चिकट थर ते आपल्याभोवती तयार करतात. तो थर जमला, की जंतुनाशक वरूनच निघून जाते. थर घासूनच काढावा लागतो, आणि जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे तो तसाच राहतो.

आता ज्या दुर्बिणीने एवढा गोंधळ घातला तिच्याकडे वळू. जठराच्या पुढे लहान आतड्याचा जो पहिला भाग असतो त्याला ड्युओडेनम, मराठीत आद्यांत्र म्हणतात. यकृताकडून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका तिथे उघडतात. पित्तनलिकेत खडा अडकला किंवा गाठीने ती दाबली गेली, की कावीळ होते, थंडी वाजून ताप येतो, आणि वेळीच अडथळा काढला नाही तर जिवावर बेतते. पूर्वी याला पोट उघडून शस्त्रक्रिया हाच उपाय होता. १९७४ साली जपानात आणि जर्मनीत डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच नलिकेचे तोंड कापून खडा काढण्याची रीत पाडली. आज ती सर्वत्र रूढ आहे. डॉक्टर तिला ईआरसीपी म्हणतात, आणि हे अक्षरांचे कोडे आता खेडोपाडीच्या रुग्णांच्याही तोंडी बसले आहे.

हे तोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीत असते. म्हणून ही दुर्बीण समोर न पाहता आडवी पाहते, आणि तिच्यातून सोडलेली बारीक तार योग्य कोनात वळविण्यासाठी टोकाशी एक लहानशी हलती पट्टी बसविलेली असते. घात करते ती ही पट्टी. अडकित्त्याच्या खिळीपाशी सुपारीचा भुगा कसा साचतो, वरून कितीही पुसले तरी निघत नाही! तसे या पट्टीच्या मागच्या सांदीत श्लेष्मा, पित्त आणि रक्त जाऊन बसते. अडकित्ता निदान उघडता तरी येतो. ही दुर्बीण सबंध सांधा उघडून धुता येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकन जंतुशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्याला उपकरणांचे तीन वर्ग पाडून दिले. जे रक्तात किंवा जंतुरहित भागात शिरते ते संपूर्ण निर्जंतुक हवे. जे नुसते श्लेष्मल त्वचेला लागते त्याला कडक जंतुनाशकात बुडविणे पुरे. जे बाहेरच्या कातडीला लागते त्याला साबण पुरे. पोटाच्या दुर्बिणी दुसऱ्या वर्गात बसविल्या गेल्या. जठर-आतड्यांत जंतू असतातच, तेव्हा ते बरोबरही होते. पण पित्तनलिकेत निरोगी माणसाच्या ठिकाणी जंतू नसतात. तिथे जाणारी तार निर्जंतुक खरी, पण ती ज्या सांदीतून पुढे सरकते ती सांदी दुसऱ्या वर्गातली. हे अंतर पुष्कळ वर्षे कोणाला खुपले नाही, कारण साधा जंतू शिरला तर साध्या औषधाने तो हटत असे.

औषधांना न जुमानणारे जंतू आले आणि चित्र पालटले. २०१२ साली नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम येथील इरॅस्मस वैद्यकीय केंद्रात अशा हट्टी स्यूडोमोनास जंतूची लागण दिसू लागली. शोध घेता २२ रुग्णांचा संबंध एकाच दुर्बिणीशी लागला. ती उघडून पाहिली, तेव्हा जंतू त्या पट्टीखालीच सापडला. २०१३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ३९ जणांत एक चिवट ई. कोलाय आढळला, त्यांपैकी ३५ जणांचा एकाच रुग्णालयातल्या अशा दुर्बिणींशी संबंध आला होता. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी धुण्याची सगळी पद्धत पाहिली, आणि तिच्यात त्यांना चूक सापडली नाही! धुतलेल्या दुर्बिणीवर मात्र जंतू सापडला. पुढे त्या रुग्णालयाने दुर्बिणी इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करण्यास आरंभ केला, तेव्हा लागण थांबली. २०१५ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या रुग्णालयाने १७९ रुग्णांना कळविले, की आपला अशा जंतूशी संपर्क आला असण्याचा संभव आहे. सात जणांना लागण झाली होती, आणि दोघांच्या मृत्यूस ती हातभार लावणारी ठरली. अमेरिकन सेनेटच्या एका चौकशीत, २०१२ ते २०१५ या काळात जगभर अशा निदान २५ घटना आणि किमान २५० रुग्ण मोजले गेले.

इलिनॉयच्या त्या जंतूत प्रतिजैविकांना तोंड देणारे जे द्रव्य होते, त्याच्या नावात नवी दिल्लीचे नाव आहे. भारतात रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ते २००८ साली प्रथम सापडले, म्हणून तसे नाव पडले. त्या नामकरणावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. तो विषय निराळा. पण नावाचा राग धरला तरी वस्तुस्थिती उरतेच. असले जंतू आपल्या मोठ्या रुग्णालयांतून विरळ राहिलेले नाहीत. तेव्हा दुर्बिणीच्या सांदीचा हा प्रश्न अमेरिकेपेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फार कमी होते असे मला वाटते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिन्ही मोठ्या कारखानदारांना प्रत्यक्ष वापरातल्या दुर्बिणी तपासायला लावल्या. २०१९ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेले निष्कर्ष कोणाला अपेक्षित नव्हते. धुऊन तयार ठेवलेल्या दुर्बिणींवरून घेतलेल्या नमुन्यांपैकी शंभरात पाचांहून थोड्या अधिकांत रोगकारक जंतू निघाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रशासनाने रुग्णालयांना सांगितले, की टोकाचा भाग टाकून देता येईल अशा किंवा सबंधच टाकाऊ दुर्बिणींकडे हळूहळू वळा. आणि डिसेंबर २०१९ मध्ये संपूर्ण टाकाऊ अशा पहिल्या ईआरसीपी दुर्बिणीला परवानगी मिळाली. मोबाइल फोनमुळे कॅमेरे बारीक आणि स्वस्त झाले, म्हणूनच हे शक्य झाले.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्न मिटला! पंगतीला पत्रावळ मांडावी आणि जेवण झाल्यावर उकिरड्यावर टाकावी. ताटे घासायची कटकटच नको. पण पत्रावळ मातीत मिसळते, प्लॅस्टिक मिसळत नाही. अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांत मोजदाद केली तेव्हा एका दुर्बीण-तपासणीमागे दोन किलोंच्या वर कचरा निघाला. सगळ्याच दुर्बिणी टाकाऊ केल्या, तर तो आणखी चाळीस टक्क्यांनी वाढेल असा हिशेब पुढे आला. हे ओझे कोण आणि कुठे वाहणार? दुसरी गोष्ट किमतीची. अशा एका नगाला तिकडेच हजार डॉलरांहून अधिक पडतात. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत सबंध उपचाराचा खर्चही तेवढा होत नाही. राहता राहिली कामगिरी. साध्या कामांत नवी दुर्बीण जुनीच्या जवळपास उतरते, असे तुलनेत दिसले. चित्राच्या स्पष्टपणात आणि स्थिरपणात मात्र जुनी सरस ठरली.

आणि तिसरी गोष्ट, जिची मला सर्वांत अधिक धास्ती वाटते. एकदाच वापरा असे स्पष्ट छापलेली वस्तू धुऊन पुन्हा वापरणे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. दुर्बिणीतून घालायच्या तारा आणि नळ्या यांच्या बाबतीत ती सर्रास चालते. त्यामागे नेहमी लबाडीच असते असे नाही. पुष्कळदा गरिबाचा खर्च वाचवावा ही भावना असते. पण २००९ साली गुजरातेत मोडासा गावी वापरलेल्या पिचकाऱ्यांचा पुन्हा वापर झाल्यामुळे बी-प्रकारच्या काविळीची साथ कशी पसरली, आणि कचऱ्यातल्या पिचकाऱ्यांचा चोरटा व्यापार कसा उघडकीस आला, ते वर्तमानपत्रांत येऊन गेले आहे. टाकाऊ दुर्बीण धुण्यासाठी बनविलेलीच नसते. ती दुसऱ्यांदा वापरली, तर नीट धुतलेल्या जुन्या दुर्बिणीपेक्षा ती कितीतरी घातक होईल. ज्या रुग्णालयाला ती वापरल्यानंतर तोडून, मोडून, नियमाप्रमाणे लाल पिशवीत घालून खात्रीने नष्ट करता येत नसेल, त्याने ती विकत घेऊच नये.

मग माझे मत काय, असे विचाराल. सर्वांसाठी टाकाऊ दुर्बीण, हे आज आपल्याला परवडणारे नाही आणि आवश्यकही नाही. जठर किंवा मोठे आतडे पाहण्याच्या साध्या दुर्बिणींत ती हलती पट्टी नसते. त्या नीट धुतल्या तर धोका फार थोडा राहतो. ईआरसीपीतसुद्धा ज्याच्या अंगात हट्टी जंतू आधीच आहे असा रोगी, ज्याचा यकृत-बदल झाला आहे किंवा कर्करोगाच्या औषधांनी ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे असा रोगी, अशांसाठी मात्र मोठ्या रुग्णालयांनी थोड्या टाकाऊ दुर्बिणी हाताशी ठेवाव्यात. पहिल्याला ती वापरली की त्याचा जंतू पुढच्याकडे जात नाही, आणि दुसऱ्याला वापरली की मागच्याचा त्याच्याकडे येत नाही. बाकीच्यांसाठी टोपण सुटे होणाऱ्या नव्या दुर्बिणी घ्याव्यात, आणि जुन्या असतील तर ठराविक मुदतीने त्यांच्यावरून नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवावेत. हे काम फारसे खर्चाचे नाही.

पण त्याहून आधी मागच्या खोलीत जाऊन पाहावे. पुढच्या खोलीत लाखो रुपयांचे यंत्र, आणि मागे एक बेसिन, एक ब्रश व एक मुलगा. त्याला कोणी शिकविले? सकाळपासून पंधरावी नळी धुताना बाहेरून "झाली का रे, पेशंट टेबलावर आहे" अशी हाक आल्यावर वीस मिनिटांची बारा मिनिटे करायची नाहीत, हे ठासून सांगण्याचा अधिकार त्याला आहे का? त्या द्रावणाच्या वाफेने डोळे चुरचुरतात, खोकला येतो. खोलीला वारा आहे का? ब्रश झिजला तर नवा मागायला त्याला संकोच वाटतो का? एका टाकाऊ दुर्बिणीच्या किमतीत किती ब्रश येतील, याचा हिशेब व्यवस्थापकांनी एकदा कागदावर मांडून पाहावा. दुर्बिणींची संख्या रोग्यांच्या मानाने कमी असेल, तर घाई ही होणारच. तिथे त्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही.

आता रुग्णांसाठी दोन शब्द. हे सगळे ऐकून पित्तनलिकेतल्या खड्यासाठी सांगितलेली ईआरसीपी कोणी पुढे ढकलू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. अडलेल्या पित्ताने होणारा अपाय दुर्बिणीच्या जंतूपेक्षा पुष्कळ पटींनी संभवनीय असतो. या प्रक्रियेत स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोकासुद्धा शंभरात साधारण तीन ते दहा जणांना असतो, आणि तो पत्करूनही ती करावी लागते, कारण न करणे त्याहून वाईट असते. मात्र विचारा जरूर. दुर्बीण धुण्याची नोंदवही ठेवता का? प्रत्येक दुर्बिणीला क्रमांक आहे का, आणि आज कोणती वापरणार तो क्रमांक माझ्या कागदावर लिहाल का? चांगल्या रुग्णालयात याचे उत्तर सिस्टर हसून देतील. तुम्हाला पूर्वी एखाद्या हट्टी जंतूची लागण झालेली असेल, अतिदक्षता विभागात बरेच दिवस राहिला असाल, तर ते आपण होऊन सांगा, लपवू नका.

घरी आल्यावर थंडी वाजून ताप आला, डोळे पुन्हा पिवळे दिसू लागले किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले, तर दोन दिवस वाट पाहू नये, आणि नाक्यावरच्या दुकानातून गोळ्या आणून घेऊ नयेत. जिथे प्रक्रिया झाली तिथेच त्याच दिवशी जावे, अमुक तारखेला दुर्बिणीतून प्रक्रिया झाली आहे हे आरंभीच सांगावे, आणि प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्त जंतुपरीक्षेसाठी घ्यायला लावावे. दुर्बिणीचा क्रमांक लिहिलेला तो कागद बरोबर न्यायला विसरू नये.